डालग्याखालचा फौजदार

डोंगर जिथं संपतो आणि भाताची खाचरं जिथं सुरू होतात, तिथं फार वर्षांमागं एक वाडी होती आणि त्या वाडीत एक सासू होती. सासवा काय, सगळ्याच वाड्यांत असतात. पण या सासूच्या कोंबड्यांचा लौकिक नदीपलीकडच्या बाजारापर्यंत गेलेला. अंडी अशी की मुठीत मावायची नाहीत. बाजारात तिची पाटी उतरली की बाकीच्या बायका आपल्या पाट्यांवर फडकं ओढून घेत.

सासूचा एक नियम होता. कोंबडी खुडूक बसली की तिला बसू द्यायचं नाही.

खुडूक बसते म्हणजे काय, तर कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि उबवायला बसते. अंगात ताप भरल्यासारखी ऊब येते, पिसं फुलतात, दाणापाणी सुटतं. जवळ जावं तर गुरगुरते. तिला त्या दिवसांत पिल्लं हवी असतात, दुसरं काही नको असतं. आणि बाजाराला नेमकी अंडी हवी असतात. म्हणून सासू काय करी, तर कोंबडीचंच एक पीस उपटून तिच्या नाकपुड्यांतून आरपार घाली आणि तिला पाण्याच्या डेऱ्यात बुचकळून काढी. ते पीस नाकात घेऊन कोंबडी मान झटकत, भिंतीला चोच घासत अंगणभर फिरे. बसायचं सुखच तिला उरत नसे. हळूहळू ऊब ओसरे आणि ती पुन्हा अंडी देऊ लागे.

ही रीत वाडीत घरोघरी होती. त्यामुळं त्यात वाईट काही आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. सगळेच करतात त्या गोष्टीकडं माणूस बघायचंच सोडून देतो.

वर्षातून एखादीच कोंबडी सासू मुद्दाम निवडून बसवी. तिच्याखाली अंडी कुणाची? घरचीच. शेजारणीनं अंडं आणून दिलं, तर सासू ते हातातही घेत नसे.

"दुसऱ्याचं अंडं माझ्या कोंबडीखाली नाही," ती म्हणे. "वाण बिघडतं."

घरात सासरा होता. त्याला सगळी वाडी भीत असे. तो काही कुणाला मारत नसे, पण भुवया अशा दाट आणि बोलणं असं कमी, की तो वाटेनं येताना दिसला की पोरं विटीदांडू टाकून पळत. ओट्यावर बसून अंबाडीचे दोर वळणं हे त्याचं काम. मुलगा मिठाच्या बैलांबरोबर घाटाखाली गेलेला. आणि सून होती, येसू.

आणि एक कोंबडा होता. म्हैस अडली होती तेव्हा सासूनं गावदेवीला बोललेला नवसाचा कोंबडा. तांबडा, उंचापुरा, पायाला काट्यासारख्या आऱ्या. त्याला वाडी फौजदार म्हणे, कारण अंगणात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाची तो झडती घेई. पाहुण्यांच्या पिंढऱ्या फोडल्या होत्या त्यानं. कुत्रीसुद्धा त्याला बघून वळसा घालून जात. त्याला धरायचं म्हणजे पोतं, काठी आणि घरातली झाडून सगळी माणसं लागत. यंदाच्या जत्रेत तो देवीला जायचा होता.

जत्रा तोंडावर आली होती तेव्हाची ही गोष्ट.

येसू सासूजवळ बसून तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "आत्याबाई, ठकीला इकडं आणू का?"

सासूचं सूप थांबलं. "कोण ठकी?"

कोण ठकी ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"माझी धाकटी बहीण. आई गेल्यापासून एका घरी जेवते, दुसऱ्या घरी निजते. परवा निरोप आलाय. थंडीनं कुडकुडली म्हणून कुणाच्या तरी गोठ्यात शिरली आणि वासराला बिलगून निजली. सकाळी धार काढायला गेलेल्या बाईला सापडली."

"मग त्या वासराला पुण्य लागेल."

"आत्याबाई, एवढीशी आहे हो ती. माझ्या ताटातलं खाईल."

"तुझं ताट कुठलं? या घरातलंच ना?" सासूनं सूप पुन्हा पाखडायला घेतलं. "हे बघ येसू. या अंगणात लेकरू खेळेल ते माझ्या लेकाचं खेळेल. पोटचं ते पोटचं. दुसऱ्याची पिल्लं गोळा करून कुणाचं घर भरलंय?"

येसूनं ओट्याकडं पाहिलं. सासरा दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही. दोराला पीळ मात्र असा दिला की अंबाडी करकरली.

येसूची स्वतःची म्हणावी अशी घरात एकच वस्तू होती. आईनं लग्नात आंदण दिलेली कोंबडी. तिच्या मानेवर जन्मतःच पीस नव्हतं, सगळी मान उघडी, तांबडी. सासू तिला म्हणे "हजामत केलेली महाराणी". ती महाराणी नेमकी त्या दिवसांत खुडूक बसली होती. येसूनं तिला गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, बांबूच्या डालग्याखाली, चार गुळगुळीत गारगोट्यांवर गुपचूप बसवून ठेवलं होतं. गारगोट्यांना का ऊब द्यायची, हे कोंबडी विचारत नव्हती. कधीतरी सासूचं मन वळेल, तिच्याखाली चार अंडी ठेवता येतील, एवढीच येसूची आशा.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी सासू गोठ्यात पेंड काढायला गेली आणि तिला डालगं दिसलं. मग काय! कोंबडी बाहेर, पीस नाकात, कोंबडी डेऱ्यात. येसू पाणी घेऊन आली तो अंगणात महाराणी ओलीचिंब उभी, नाकातून आरपार पीस, आणि मान झटकतेय.

"लपवून बसवतेस?" सासू म्हणाली. "माझ्या घरात?"

येसूनं घागर खाली ठेवली. बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, तेवढ्यात शेजारची सगुणा रडतच आत आली. पदर दोन्ही हातांनी धरलेला, आणि पदरातून चिवचिवाट.

"आक्का, घात झाला गं! पहाटे रानमांजर शिरलं. माझी कोंबडी नेली मेल्यानं, पिसं तेवढी ठेवली. ही बघ पिल्लं. कालच फुटलीत अंड्यातनं. सकाळपासून ओरडतायत."

पदरात पिवळ्या, करड्या, काळ्या गोळ्यांची गर्दी होती. प्रत्येकजण दुसऱ्याच्या खाली शिरू बघत होता. आई नसलेली पिल्लं असंच करतात. सगळ्यांना खाली जायचं असतं आणि वर कुणीच नसतं.

"मग मी काय त्यांना पाजू?" सासू म्हणाली. पण तिनं वाकून बघितलं खरं.

येसू पुढं झाली. "आत्याबाई, माझी कोंबडी घेईल यांना."

"ती? हिच्या नाकात पीस आहे."

"पीस काढते. सुकवते. ती खुडूक आहे, तिला पिल्लंच हवीत."

"दुसऱ्याची?"

"ती विचारत नाही."

सासूला ते बोलणं झोंबलं. तोवर सगुणेच्या रडण्यानं आळीतल्या बायका गोळा झाल्या होत्या. बायका बघायला उभ्या राहिल्या की सासूचा आवाज आपोआप वर चढे.

"एवढी खात्री?" ती म्हणाली. "मग होऊन जाऊ दे. तुझ्या महाराणीनं ही पिल्लं घेतली, तर आण तुझ्या ठकीला. मी अडवणार नाही. आणि नाही घेतली, तर पुन्हा या घरात तिचं नाव काढायचं नाही. कबूल?"

ओट्यावरचा दोर थांबला.

"कबूल," येसू म्हणाली. "पण दिवेलागणीला. आई सांगायची, कोंबडीला आधी अंधारात शांत बसू द्यावं. मग मागून हात घालून एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवावं. दिवा न्यायचा नाही, बोलायचं नाही, तिच्या डोक्याला हात लावायचा नाही. रात्रभर अंगाला अंग लागलं की सकाळी ती त्यांची आई असते."

"म्हणजे फसवायचं."

"फसवायचं नाही, आत्याबाई. सवड द्यायची."

"तेच ते. अंधारात गळ्यात मारलेलं मी धरत नाही. माया खरी असेल तर लख्ख उन्हात दिसेल. आत्ता. इथं. सगळ्यांसमोर."

ऊन मध्यावर आलं होतं. नाही म्हणावं तर शर्त गेली. येसूनं कोंबडीच्या नाकातलं पीस हलक्या हातानं ओढून भिंतीकडं टाकलं, तिला पदरानं पुसलं, तिच्या उघड्या मानेवरून बोट फिरवलं आणि अंगणाच्या मधोमध ठेवलं. सगुणेनं पिल्लं सोडली.

कोंबडी उभी राहिली. अंग ओलं, नाकपुड्या सोललेल्या, चहूकडं पाय आणि पाय. पिल्लांना काय कळतं? पंख दिसले, धावली. सगळ्यांत धीट होतं ते काळं पिल्लू. ते थेट तिच्या पोटाखाली शिरायला गेलं.

कोंबडीनं एकदाच चोच मारली.

काळं पिल्लू उलटं झालं, पाय हलले, आणि हलायचे थांबले.

सगुणेचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला. कडेवरचं एक मूल आईला विचारत होतं, "झोपलं का गं?" आणि आईनं त्याचं तोंड खांद्यात दाबलं. कोंबडी स्वतःच दचकली होती. ती दोन पावलं मागं सरली आणि मान झटकू लागली, जणू पीस अजून नाकातच होतं.

"बघितलंत?" सासू म्हणाली. "बघितलंत ना सगळ्यांनी?"

पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. ती जिंकली होती आणि तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळ्या बघत होत्या त्या भिंतीजवळ पडलेल्या ओल्या पिसाकडं.

येसूनं उरलेली पिल्लं ओच्यात गोळा केली. काळ्या पिल्लाला परसात, अळवाच्या पानात गुंडाळून मातीआड केलं. ठकीचं नाव काढलं नाही. शब्द दिलेला होता.

दुपारभर तिनं पिल्लांना चुलीशेजारी, कापूस घातलेल्या गाडग्यात ठेवलं. कणी भिजवून घातली. पण गाडग्याला हृदय नसतं. पिल्लं ओरडतच राहिली. शर्त हरली ती हरली, ही तरी जगावीत म्हणून येसूनं कोंबडीला पुन्हा गोठ्यातल्या गारगोट्यांवर बसवलं, वर डालगं ठेवलं आणि डालग्यावर गोणपाट टाकलं. मग ती झऱ्यावर पाण्याला गेली.

ती परतली तेव्हा दिवेलागण होत आली होती. सासू माजघरात वाती वळत होती. येसूनं गाडगं उचललं आणि दिवा न घेता गोठ्यात गेली. डालग्यावर गोणपाट तसंच होतं. तिनं मागच्या बाजूनं डालगं बोटभर उचललं, हात आत घातला. ऊबदार पोट हाताला लागलं. आतून खोल, घोगरी गुरगुर आली.

"असू दे बाई," येसू मनात म्हणाली. "दुपारचं विसर. तुझा दोष नव्हता."

पहिलं पिल्लू सरकवलं. गुरगुर वाढली. येसूनं श्वास धरला. मग गुरगुर थांबली. दुसरं सरकवलं. तिसरं. डोक्याला हात लावला नाही, बोलली नाही. शेवटचं पिल्लू आत गेलं आणि इतका वेळ चाललेला तो चिवचिवाट हळूहळू विझला. सगळ्या गोठ्यात म्हशीच्या रवंथाचा तेवढा आवाज उरला.

सकाळी येसू चुलीपुढं बसून फुंकर घालत होती. सासू दारात जत्रेचं ताट मांडत होती. आणि गोठ्यातून, त्या डालग्याखालून, आवाज आला.

"कुकूऽऽच कू!"

येसूच्या हातून फुंकणी पडली.

कोंबडी आरवत नाही.

"आत्याबाई," तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "त्या डालग्याखाली कोण आहे?"

"कोण असणार? फौजदार. रानमांजर फिरतंय म्हटल्यावर नवसाचा कोंबडा मी काय माळवदावर ठेवू? तू झऱ्यावर गेलीस तेव्हा ह्यांनी नि मी मिळून धरला नि घातला डालग्याखाली. तुझी महाराणी दिली खुराड्यात ढकलून. का गं? अशी पांढरी का पडलीस?"

"मी पिल्लं ठेवली हो तिथं..."

सासूच्या हातातला कुंकवाचा करंडा निसटला. "फौजदाराखाली?"

दोघी गोठ्याकडं धावल्या आणि दारातच थांबल्या. आत जायची छाती होईना. ज्या कोंबड्यानं कुत्र्याचं नाक फोडलं, त्याच्याबरोबर ती कापसाएवढी पिल्लं, अख्खी रात्र! दुपारचं काळं पिल्लू दोघींच्याही डोळ्यांपुढं आलं. सासूची किंकाळी ऐकून सगुणा आली, आळी आली. सगळ्या दाराशी दाटल्या, पण डालग्याला हात कुणी लावेना.

"उचला की कुणीतरी!"

"मी नाही बाई. मला आतलं बघवायचं नाही."

मग गर्दी आपोआप दुभंगली. सासरा आला होता. तो आत गेला, गोणपाट बाजूला टाकलं, आणि डालगं उचललं.

फौजदार जमिनीला पोट टेकून बसला होता. दोन्ही पंख पसरलेले, बाळंतिणीनं घोंगडी ओढून घ्यावी तसे. एक पिवळी मुंडी त्याच्या छातीच्या पिसांतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. पंखाखालून करड्या रंगाचं कुणीतरी निघालं, त्याच्या पाठीवर चढलं आणि त्याच्या तुऱ्याला चोच मारून बघितली. फौजदारानं डोळा मिटला. एवढंच केलं.

कुणाला हसू येईना की रडू. सगुणा मटकन खालीच बसली. "अगं बया! फौजदार बाळंत झाला!"

तेव्हा कुठं आळीला श्वास फुटला. सासऱ्यानं धोतराच्या सोग्यातली कणी पुढं टाकली. फौजदार उठला, एक दाणा चोचीत धरला, पुन्हा खाली टाकला आणि घशातून मऊ 'कुट कुट कुट' असा आवाज काढला. असा आवाज या कोंबड्याच्या घशात आहे हे वाडीला ठाऊक नव्हतं. पिल्लं धावली. तो बाजूला उभा राहिला. सगळ्यांचं होईपर्यंत त्यानं स्वतः दाणा घेतला नाही.

येसूनं सासूकडं पाहिलं. आळीतल्या सगळ्या बायकांनी तिच्याबरोबर सासूकडं पाहिलं.

"काय बघता?" सासू उसळली. "शर्त कोंबडीची होती. कोंबड्याची नव्हती. आणि याचं कौतुक कशाला? आज जत्रा आहे. हा देवीला जाणार."

"आणि पिल्लं?" सगुणेनं विचारलं.

"पिल्लांचं पिल्लं बघतील. देवीला दिलेला शब्द आहे माझा!"

यात ती खोटं बोलत नव्हती. म्हैस मरायला टेकली होती तेव्हा हिनं डोळ्यांत पाणी आणून तो नवस बोलला होता, आणि म्हैस अजून दावणीला उभी होती. देवीचा शब्द मोडला तर काय होईल, याची भीती तिच्या हाडात होती. बाहेर ढोल वाजू लागले होते. आळी मुकाट्यानं पांगली. सासूनं कमरेला पदर खोचला, पोतं घेतलं, काठी घेतली, आणि अंगणात आली.

पिल्लं खाऊन दमली होती आणि पुन्हा पंखाखाली गेली होती. फौजदार तुळशीकट्ट्याच्या सावलीत बसला होता. सासू पोतं पसरून सावकाश पुढं सरकली. आता हा उडेल, अंगावर येईल, आऱ्या मारील. ती थांबली. तो हलला नाही. ती आणखी पुढं गेली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मानेची पिसं फुलवली, घशात गुरगुरला, पण उठला नाही. उठला असता तर खालची पिल्लं उघडी पडली असती.

सासूनं पोतं टाकलं, काठी टाकली. हात लांब केला आणि त्याची मान धरली.

ज्याला धरायला सगळं घर लागायचं, तो फौजदार मान तिच्या मुठीत देऊन बसून राहिला. पंख तेवढे त्यानं आणखी खाली दाबले.

सासूनं दुसरा हात त्याला उचलायला पोटाखाली घातला. आणि तो हात तिथंच राहिला. आत काय ऊब होती! त्या उबेत इवली इवली काळजं धडधडत होती. एक पिल्लू झोपेतच सरकलं आणि तिच्या तळहातात येऊन बसलं. हाच हात. काल याच हातानं पीस घातलं होतं.

किती वेळ ती तशी ओणवी होती कुणास ठाऊक. शेवटी तिनं हात काढला. मूठ रिकामी होती. ती घरात गेली, नारळ घेतला, खण घेतला आणि एकटीच देवळाकडं निघाली.

देवळापुढं तिला बघून बायका कुजबुजल्या. "आक्का, कोंबडा कुठाय?"

सासू थेट देवीपुढं उभी राहिली आणि मोठ्यानं, भांडायला आल्यासारखी म्हणाली, "आई, तुझा कोंबडा पिल्लांत अडकलाय. त्याला आणला असता तर ती मेली असती. आता नारळ घे. राग आला तर माझ्यावर काढ, म्हशीवर काढू नकोस."

ढोलवाल्याचा हातसुद्धा थांबला. देवळात असं कुणी कधी बोललं नव्हतं. देवी काही बोलली नाही. नारळ फोडला, चांगला निघाला.

ती घरी आली तर ओटा रिकामा. अर्धा वळलेला दोर खुंटीला. सासरा अंगणात पागोटं बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून उभा.

"कुठं निघालात?"

तो पायताण घालत राहिला.

"अहो, विचारतेय मी. ठकीला आणायला? शर्त हरलीय ती!"

म्हातारा थांबला. वर्षभरात बोलत नसेल एवढं तो एकदम बोलला. "शर्त तू कोंबडीशी लावलीस. माझ्याशी नाही. एक कोंबडा रात्रीत आई होतो, आणि मी इतकी वर्षं नुसते दोर वळतोय."

आणि तो गेला. सासू उघड्या तोंडानं वाटेकडं बघत उभी राहिली.

तो परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. जत्रेहून परतणारी वाडी वाटेवर होती, आणि त्या सगळ्यांनी ते पाहिलं. ज्याला बघून पोरं पळत, त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर घोंगडीचं गाठोडं होतं. गाठोड्यातून दोन धुळकट पाय लोंबत होते, आणि एका इवल्या हातानं त्याची दाट भुवई घट्ट धरून ठेवली होती. म्हाताऱ्याचे डोळे वेदनेनं मिटत होते, पण तो हात सोडवत नव्हता.

"ओरडू नका," तो वाटेवरच्या पोरांना हळूच म्हणाला. "निजतेय."

येसू दारातून धावली. बहिणीला तिनं छातीशी घेतलं आणि घरात आली. आली आणि थबकली. सासू माजघरात, आपल्या वाकळेवर बसली होती. समोर समई जळत होती. सासूनं पोरीकडं पाहिलं. पोर जागी झाली, तिनं सासूकडं पाहिलं आणि येसूच्या गळ्यात तोंड लपवलं.

सासू उठली आणि फुंकर मारून तिनं समई विझवली.

अंधार झाला. तिन्हीसांजेची वात विझवली! आता ही पोरीला ओढून बाहेर काढणार, तिला वाटलं. ती पोरीला आवळून भिंतीला टेकली.

अंधारातून सासूचा आवाज आला. खाली, वाकळेवरून.

"आण इकडं."

येसू हलली नाही.

"अगं आण. उजेडात मला जमायचं नाही. माझं तोंड मला ठाऊक आहे, काहीतरी वेडंवाकडं बोलेन. मी भिंतीकडं तोंड करून निजते. मागून सरकव. बोलू नको."

येसूनं पोरीला हळूच खाली ठेवलं आणि त्या पाठीजवळ सरकवलं. पोर आकसली. पाठही आकसली. येसूनं श्वास धरला, काल गोठ्यात धरला होता तसाच. मग वाकळ खसखसली. सासू कुशीवर वळली, आणि एक हात, काकणांचा आवाज होऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं काकणं धरून, सावकाश त्या पोरीवर आला.

"केवढी गार पडलीय ही," सासू पुटपुटली. "वासराजवळ निजतात का, वेडे?"

बाहेर ओट्यावर म्हाताऱ्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं.

सकाळी लख्ख ऊन घरात आलं तेव्हा सासू जागीच होती. उठली नव्हती. पोरीच्या मुठीत तिच्या पदराचं टोक होतं, आणि ते सोडवून घ्यायला तिला धीर होत नव्हता. येसूला बघून तिनं डोळे वटारले. "काय बघतेस? चूल पेटव. आणि त्या तुझ्या महाराणीला खुराड्यातून काढ, नाकाला तेल लाव तिच्या."

फौजदार पुढं म्हातारा होईपर्यंत जगला. पाहुण्यांच्या पिंढऱ्या फोडायचं त्यानं सोडलं नाही, पण आई नसलेलं पिल्लू वाडीत कुठंही असलं तर लोक दिवेलागणीला ते त्याच्याकडं आणत. महाराणीनं पुढच्या खेपेला आपली पिल्लं स्वतः काढली. आणि त्या वाडीत कोंबडीच्या नाकात पीस घालायची रीत कधी बंद झाली, ते कुणी ठरवून सांगितलं नाही. सासूच्या अंगणात परत कुणाला तसं करवलं नाही, एवढंच. त्या अंगणाच्या परसात, अळवाशेजारी, एक बोटभर मातीचा उंचवटा होता. त्यावर पाय पडू नये म्हणून सासूनं स्वतःच्या हातानं चार गारगोट्या लावल्या होत्या.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: ऊब मोडायला एक पीस पुरतं, म्हणून कुणाची माया मोडायच्या आधी हात आवरा. पोटच्यावर माया सगळेच करतात. परक्या लेकरावर उजेडात माया करायची लाज वाटत असेल, तर दिवा विझवून करा. पण करा.